पातिओ म्हणजे अंगण? स्पेनमध्ये भाड्याचं घर घेण्याआधी वाचा

स्पेनमध्ये घर शोधायला लागलात की जाहिरातींत ‘पातिओ’ हा शब्द पहिल्याच दिवशी भेटेल. शब्दकोश ‘अंगण’ म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर तुळशीवृंदावन उभं राहतं. तेवढ्यावर अनामत रक्कम भरू नका.

शहरातल्या फ्लॅटचा पातिओ म्हणजे बहुतेक वेळा ‘पातिओ दे लूसेस’. इमारतीच्या मधोमध उजेड-वाऱ्यासाठी वरपर्यंत सोडलेली पोकळी. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कधी एखादी बेडरूमही तिच्याकडे उघडते. जाहिरातीत ‘इन्तेरिओर’ लिहिलं असेल, तर घराला रस्त्याकडची खिडकी नाही असं समजा. भाडं कमी असतं, गाड्यांचा आवाज नसतो. पण पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी दिवे लावायची तयारी ठेवा. घर दिवसाउजेडीच बघा, प्रत्येक खिडकी उघडा आणि विचारा, ‘दा आ ला काये ओ आल पातिओ?’ म्हणजे रस्त्याकडे उघडते की पातिओकडे?

कपडे वाळतात तेही इथेच. रस्त्याकडच्या बाजूला धुणं टांगायला बऱ्याच शहरांत बंदी आहे. खिडकीबाहेर कप्पीवर फिरणारी दोरी असते. एक चिमटा लावायचा, दोरी ओढायची, पुढचा लावायचा. साडी तीन-चार पदरी करूनच टाका, नाहीतर टोक खालच्या बाईंच्या खिडकीसमोर लोंबतं. पिळून घाला, ठिबकणाऱ्या कपड्यांवरून इथे शेजारधर्म बिघडतो. काही खाली पडलंच तर तळमजल्यावर बेल वाजवून नम्रपणे मागायचं. त्यांना सवय असते.

पातिओत आवाज घुमतो. आपल्याकडे दिवेलागणीला आईचा फोन येतो, तेव्हा इथे दुपारचे तीन-साडेतीन झालेले असतात आणि वरचे आजोबा वामकुक्षी घेत असतात. स्वयंपाकघरात स्पीकरवर बोलाल तर मराठी न येणाऱ्यालाही मावशीचं भांडण कळेल. फोडणीचंही तेच: हिंग-मोहरीचा वास थेट पाचव्या मजल्यावर. माझ्या अनुभवात लोक वासावर फार कुरकुरत नाहीत, आवाजावर करतात.

‘बाखो कोन पातिओ’, म्हणजे पातिओसकट तळमजल्याचं घर, पुष्कळांना मोहात पाडतं. मोकळी जागा मिळते हे खरं, पण वरच्यांचे चिमटे, मोजे आणि सिगारेटची थोटकंही मिळतात. विकत घेणार असाल तर कागदपत्रं नीट बघा. असा पातिओ अनेकदा सगळ्या सोसायटीचा असतो, तुम्हाला फक्त वापराचा हक्क. वर पत्रे टाकायचे म्हटलं तरी सोसायटीची संमती लागते. यासाठीचा कायदा १९६०चा आहे.

बार्सेलोनाच्या एइशाम्प्ले भागात मात्र ‘इन्तेरिओर’ला नाक मुरडू नका. तिथे पातिओ चारही बाजूंनी इमारती असलेल्या अख्ख्या चौकोनाच्या मध्ये असतो, रुंद आणि उजेडाचा. मागच्या गॅलरीत ऊन येतं आणि शांतता असते. मी तर तीच बाजू घेईन.

वालेन्सियात आलात तर वेगळीच गंमत. तिथे पातिओ म्हणजे इमारतीचं प्रवेशद्वार, बाकी स्पेन ज्याला ‘पोर्ताल’ म्हणतो ते. ‘पातिओची किल्ली’ म्हणजे खालच्या मुख्य दाराची. कुरिअरवाला ‘पातिओत उभा आहे’ म्हणाला तर मागच्या खिडकीतून डोकावू नका, जिना उतरा.

शाळेत पातिओ म्हणजे मैदान आणि मधली सुट्टीही. ‘आज पातिओ नाही’ असं मुलगा सांगत आला तर बहुधा शिक्षा झालीय, किंवा पाऊस होता. नाटकाच्या तिकिटावरचं ‘पातिओ दे बुताकास’ म्हणजे रंगमंचासमोरच्या खालच्या खुर्च्या. जुनी स्पॅनिश नाटकं घरांमधल्या चौकात होत, म्हणून हे नाव. आल्माग्रो गावात सतराव्या शतकातलं असं नाट्यगृह अजून चालू आहे.

आणि मनातलं ते अंगण? ते कोर्दोबात आहे. पांढऱ्या भिंतींवर रांगेने कुंड्या, उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी. मे महिन्यात तिथे पातिओंचा उत्सव असतो. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. शनिवार-रविवारी गर्दी मरणाची, त्यामुळे मधल्या वारी सकाळी जा. लोक राहतात तिथे, कुंड्यांना हात लावू नका.