यानाच्या नोंदींतून ग्रहाचं चुंबकावरण कसं वाचावं

अवकाशयानांनी ग्रहांभोवती मोजलेलं चुंबकीय क्षेत्र, तिथला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू), विरळ वरचं वातावरण यांच्या बहुतेक नोंदी आज कुणालाही मोफत पाहता येतात. पण आलेख उघडला की समोर येतात नुसत्या थरथरत्या रेघा. यान सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्लाझ्मात होतं, की ग्रहाच्या चुंबकीय कवचात, म्हणजे चुंबकावरणात, हे त्या रेघांतून ओळखण्याची रीत इथे दिली आहे. शाळेतलं भौतिकशास्त्र आणि थोडा धीर एवढी तयारी पुरते.

सुरुवात बुधापासून करा

गुरूचं चुंबकावरण भव्य आहे, तरी पहिल्या दिवशी तो नको. त्याची सूर्याकडची सीमा साधारण ६० ते १०० गुरुत्रिज्यांच्या दरम्यान मागेपुढे सरकत असते आणि एक यान ती अनेकदा ओलांडतं. नवख्याचा त्यात गोंधळ उडतो. बुधाचं क्षेत्र दुबळं आहे. विषुववृत्ताजवळ पृष्ठभागावर ते सुमारे १९० नॅनोटेस्ला (टेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककाचा अब्जांश) भरतं, पृथ्वीवर तेच ३०,००० च्या आसपास. त्यामुळे बुधाच्या कवचाची सूर्याकडची सीमा केंद्रापासून जेमतेम दीड त्रिज्येवर येते. मेसेंजर यान मार्च २०११ ते एप्रिल २०१५ बुधाभोवती फिरलं, पहिलं वर्षभर सुमारे बारा तासांना एक फेरी अशा लांबट कक्षेत. बहुतेक फेऱ्यांत ते कवचाबाहेर सौरवाऱ्यात जाई आणि परत आत येई. म्हणजे एका दिवसाच्या नोंदींत सगळ्या सीमा पुन्हा पुन्हा भेटतात.

नोंदी मिळवा

नासाच्या 'प्लॅनेटरी डेटा सिस्टिम'मध्ये ग्रहांच्या प्लाझ्माचा वेगळा विभाग आहे. तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चालतो. फाइली उतरवून घ्यायच्या नसतील तर फ्रान्समधलं 'आम्डा' हे साधन वापरा, त्यात ब्राउझरमध्येच आलेख काढता येतो. कच्च्या नोंदी घेऊ नका, कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे उपकरणाच्या आणि यानाच्या चुका वजा केलेल्या घ्या. यानातले विद्युतप्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतात, म्हणूनच क्षेत्र मोजणारं उपकरण, मॅग्नेटोमीटर, लांब दांड्यावर बसवतात. मेसेंजरचा दांडा ३.६ मीटरचा होता, व्हॉयेजरचा १३ मीटरचा. व्हीनस एक्स्प्रेसचा जेमतेम एक मीटरचा होता, त्यामुळे दोन संवेदकांची तुलना करून यानाचं क्षेत्र वजा करण्यात तिच्या चमूला खूप मेहनत घ्यावी लागली. ती मेहनत कॅलिब्रेट केलेल्या फाइलीत आधीच झालेली असते.

आधी यानाची जागा, मग क्षेत्र

ही पायरी लोक हमखास गाळतात. आलेखाच्या वर यानाचं स्थान काढा: एक्स अक्ष सूर्याकडे, झेड उत्तरेकडे, अंतर ग्रहाच्या त्रिज्येत. याला सूर्यसापेक्ष निर्देशांक म्हणतात आणि फाइलीच्या नावातच ते बहुधा लिहिलेले असतात. बुधाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्या चुंबकीय द्विध्रुवाचं केंद्र ग्रहाच्या केंद्रापासून सुमारे ४८० किलोमीटर उत्तरेला आहे. तुम्ही भौगोलिक विषुववृत्तावर चुंबकीय विषुववृत्त शोधत बसलात, तर ते सापडणार नाही.

सीमा ओळखा

यान दूर असतानाच्या भागावर पहिली नजर टाका. तिथे क्षेत्राचं एकूण मान साधारण २० ते ३० नॅनोटेस्ला दिसेल, रेघ तुलनेने शांत. हा सौरवारा. आता ग्रहाकडे सरका. एका क्षणी मान एकदम दुप्पट-तिप्पट होतं आणि रेघ खवळते. हा बो शॉक. पुलाच्या खांबासमोर पाणी फुगावं तसा सौरवारा अडथळ्यासमोर दाटतो. मात्र त्याचा वेग तिथल्या प्लाझ्मातल्या लहरींपेक्षा जास्त असल्याने हा बदल हळूहळू न होता झटक्यात होतो. कितीही तीव्र शॉक असला तरी घनतेची उडी चौपटीच्या वर जात नाही. क्षेत्र सतत चौपटीहून जास्त राहिलेलं दिसलं, तर तुम्ही दुसऱ्याच कशाला तरी शॉक म्हणत आहात.

शॉकच्या आत दाट, तापलेला, खळबळता पट्टा लागतो, तो मॅग्नेटोशीथ. त्याच्या शेवटी मॅग्नेटोपॉज, म्हणजे ग्रहाच्या चुंबकीय कवचाची सीमा. इथे एकूण मानाकडे पाहून चालत नाही, तिन्ही घटक वेगवेगळे काढावे लागतात. कारण मॅग्नेटोपॉजची खरी खूण क्षेत्राच्या दिशेत असते: काही सेकंदांत क्षेत्र वळतं आणि मग ग्रहाच्या दिशेशी जुळून स्थिर होतं. सौरवाऱ्याचं क्षेत्र योगायोगाने ग्रहाच्या क्षेत्राला समांतर असेल, तर वळण जवळजवळ दिसतच नाही. अशा फेरीत तुमचा निर्णय डळमळीत राहील.

म्हणून दुसरं उपकरण उघडा

माझं ठाम मत आहे की एकट्या मॅग्नेटोमीटरवर सीमा ठरवू नये. कणांच्या नोंदी शेजारी ठेवा. मॅग्नेटोपॉजच्या आत प्लाझ्माची घनता घटते आणि ऊर्जा वाढते. मेसेंजरच्या आयनमापकाची दृष्टी मात्र यानाच्या सूर्यढालीमुळे अडलेली होती, तेव्हा त्यात कण दिसले नाहीत म्हणून तिथे कण नव्हतेच, असं धरू नका.

घनता मोजण्याची आणखी एक सुंदर वाट प्लाझ्मा लहरींची आहे. इलेक्ट्रॉन एका ठरावीक वारंवारतेने दोलन पावतात: किलोहर्ट्झमध्ये ती ९ गुणिले घनसेंटीमीटरमधल्या इलेक्ट्रॉन संख्येचं वर्गमूळ. व्हॉयेजर १चं प्लाझ्मा उपकरण १९८० मध्येच बंद पडलं होतं. तरी २०१३ मध्ये त्याच्या लहरी-उपकरणाने सुमारे २.६ किलोहर्ट्झची दोलनं टिपली. भागाकार करून वर्ग केला की घनसेंटीमीटरमागे सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन येतात. ही घनता सौरवाऱ्याच्या हद्दीबाहेरच्या, ताऱ्यांमधल्या प्लाझ्म्याची होती. यान ऑगस्ट २०१२ मध्येच सौरवाऱ्याची हद्द ओलांडून गेलं होतं.

हिशेब करून पाहा

सीमेवर दोन दाब तोलले जातात. सौरवाऱ्याचा दाब नॅनोपास्कलमध्ये हवा असेल, तर घनता गुणिले वेगाचा वर्ग करून दहा लाखाने भागा आणि १.६७ ने गुणा. पृथ्वीजवळ घनसेंटीमीटरमागे ५ प्रोटॉन आणि सेकंदाला ४०० किलोमीटर वेग धरला, तर १.३ येतात. चुंबकीय दाबासाठी नॅनोटेस्लातलं मान ५० ने भागून वर्ग करा. १.३ येण्यासाठी सुमारे ५७ नॅनोटेस्ला लागतात. आता पृथ्वीचं ३१,००० नॅनोटेस्लाचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटवा: दहा त्रिज्यांवर ३१ उरतात, आणि सीमेवरचे प्रवाह ते जवळपास दुप्पट करतात. आकडे जुळले! पृथ्वीचा मॅग्नेटोपॉज खरोखरच दहा त्रिज्यांच्या आसपास आढळतो.

यान सरकलं की सीमा?

एक यान एका वेळी एकाच ठिकाणी असतं. मॅग्नेटोपॉज पाच मिनिटांत तीनदा दिसला, तर बहुधा यान पुढेमागे झालेलं नसून सौरवाऱ्याच्या दाबाने सीमाच हेलकावते आहे. एका यानाच्या नोंदींतून याची खात्री क्वचितच होते. पृथ्वीभोवती त्यासाठी क्लस्टरची आणि पुढे एमएमएसची चार-चार यानं एकत्र उडवली गेली. बेपीकोलंबो मोहिमेतही बुधासाठी दोन यानं आहेत. तुमच्या वहीत दोन्ही शक्यता लिहा आणि पुढच्या फेऱ्यांशी ताडून पाहा.

मंगळावर वरच्या वातावरणाकडे वळा

मंगळाला ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. त्याच्या खडकाळ भूकवचात जुने चुंबकीय पट्टे आहेत आणि सौरवारा थेट आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला भिडतो. मेवन यान तिथे सप्टेंबर २०१४ मध्ये पोहोचलं आणि कक्षेच्या तळाशी सुमारे १५० किलोमीटर उंचीपर्यंत उतरून वायू मोजू लागलं. त्याच्या नोंदींत कार्बन डायऑक्साइडची घनता उंचीपुढे मांडा, घनतेसाठी लॉगरिदमिक अक्ष घ्या. रेघ साधारण सरळ येईल. घनता २.७ पट घटायला किती किलोमीटर लागले ते वाचा. सुमारे ११ ते १२ आले, तर तापमान २०० केल्व्हिनच्या जवळपास आहे. मग तेच आर्गॉनसाठी करा. तो थोडा हलका असल्याने त्याची रेघ किंचित कमी उताराची येते, कारण या उंचीवर वायू ढवळून मिसळत नाहीत, वजनाप्रमाणे वेगळे होतात.

वाकडी रेघ टाकून देऊ नका

फेब्रुवारी २००५ मध्ये कॅसिनी शनीच्या एन्सेलाडस चंद्राजवळून गेलं, तेव्हा क्षेत्र त्या छोट्या चंद्राच्या मानाने फारच मोठ्या अडथळ्याभोवती वळल्यासारखं दिसलं. मिशेल डोहर्टी यांच्या मॅग्नेटोमीटर चमूने यान आणखी जवळून नेण्याचा आग्रह धरला. जुलैमध्ये ते १७३ किलोमीटरवरून गेलं आणि दक्षिण ध्रुवाजवळून उसळणारी पाण्याची वाफ सापडली. गॅलिलिओ यानाने १६ डिसेंबर १९९७ रोजी गुरूच्या युरोपा चंद्राजवळ घेतलेल्या नोंदी २०१८ मध्ये पुन्हा तपासल्या गेल्या. चुंबकीय क्षेत्रातला वाक आणि प्लाझ्मा लहरींचा उद्रेक एकाच वेळी आल्याचं तेव्हा लक्षात आलं, आणि तिथेही वाफेचा फवारा असावा असा निष्कर्ष निघाला. त्या फेरीच्या दोन्ही उपकरणांच्या नोंदी खुल्या आहेत. बुधाच्या काही फेऱ्या वाचून झाल्या, की त्याच काढा: वर क्षेत्राचे तीन घटक, खाली लहरींचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेच्या लहरी किती तीव्र होत्या, हे दाखवणारा आलेख), वेळेचा अक्ष एकच.