आधी फुलाची पाठ बघा

गणपतीच्या सुमारास बोरिवलीच्या रेल्वे कुंपणांवर निळ्या-जांभळ्या पुंग्या फुलू लागतात आणि माझ्या फोनवर विद्यार्थ्यांचे फोटो येऊ लागतात. "मॅडम, ही कोणती?" फोटो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो. तिथेच अडतं, कारण या वेलींची, म्हणजे इपोमिया गटातल्या जातींची, ओळख फुलाच्या पाठीवर असते.

रंगावर मुळीच जाऊ नका. आमच्या सोसायटीमागच्या भिंतीवर सकाळी सातला निळी फुलं दिसली, साडेअकराला गुलाबी, आणि मी वहीत दोन जाती लिहिल्या. मग एका कळीला दोरा बांधला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्यावरच लक्ष ठेवलं. वेल एकच होती, नीळवेल म्हणजे इपोमिया निल. काळादाणा म्हणून विकतात त्या तिच्याच बिया. तिचं फूल मिटत येताना गुलाबी होतं.

आठच्या आत निघा. दहापट दाखवणारं भिंग, ब्लेड आणि छोटी पट्टी पुरे. फूल उलटं धरा. पुंगीच्या बुडाशी पाच हिरवी निदलं, म्हणजे फुलाला बाहेरून धरणारी हिरवी दलं, दिसतील. नीळवेलीची निदलं लांब, कधी अडीच सेंटिमीटरपर्यंत, टोकाला दोऱ्यासारखी निमुळती. बुडाशी ताठ केस, ते बोटालाही जाणवतात. आता शेजारच्या रेल्वे क्रीपरचं, इपोमिया कैरिकाचं फूल घ्या. निदलं जेमतेम सहा-सात मिलिमीटर, गुळगुळीत, केस नाहीत. तिचं पान पंजासारखं थेट देठापर्यंत पाच भागांत चिरलेलं आणि देठाच्या बुडाशी बरेचदा दोन चिमुकली पानं, उपपर्णांसारखी. नीळवेलीचं पान बहुधा तीन खंडांचं. 'बहुधा' म्हणते, कारण एकाच वेलीवर अखंड पानंही सापडतात. म्हणून पानाला निदलांची साक्ष जोडल्याशिवाय नाव लिहू नये.

शंका उरली तर हिरवं बोंड आडवं कापा. नीळवेलीत तीन कप्पे, प्रत्येकात दोन बिया. इथल्या इतर इपोमियांत बहुतेक दोनच कप्पे निघतात. हा कापलेला काप भिंगाखाली बघताना मला अजूनही फार आनंद होतो.

बाकीच्या सोप्या. जेमतेम दोन सेंटिमीटरचं गुलाबी फूल बहुधा इपोमिया ट्रायलोबाचं. पिवळसर पांढरं, घशात जांभळा ठिपका आणि बदामी पान असेल तर इपोमिया ऑब्स्क्युरा. गणेशवेलीची लाल चांदणी आणि पिसासारखं पान कुणीही ओळखेल. गोराईच्या वाळूत आपट्यासारखं पान घेऊन पसरते ती मर्यादवेल. बेशरम तर वेल नसून झुडूप, आणि नाळीच्या भाजीचा दांडा पोकळ.

हिवाळ्यात राष्ट्रीय उद्यानात द्राक्षासारख्या पानांची पिवळी पुंगी दिसली तर घाई करू नका. पाकळी अलगद चिरून परागकोष बघा. इपोमियात ते सरळ असतात, इथे दोरीसारखे पिळलेले दिसतील. ती मेरेमिया व्हिटिफोलिया, याच कुळातली पण वेगळी.

यापुढे मला फोटो पाठवाल तेव्हा तीन पाठवा: फुलाची पाठ, पानाच्या देठाचं बूड आणि आडवं कापलेलं बोंड. शेजारी पट्टी ठेवा आणि वेळ लिहा.