टी पेशी तपासताय? आधी विषाणू वाचा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एचआयव्हीच्या जुन्या संसर्गातल्या सीडी८ टी पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, तपासत होते. विषाणू रोज समोर येत राहिला की या पेशी थकतात आणि त्यांच्यावर पीडी-१ हे ब्रेकसारखं काम करणारं प्रथिन वाढतं, एवढं पाठ होतं. एका नमुन्यात मात्र पीडी-१ कमी, आणि पेप्टाइड (विषाणूच्या प्रथिनाचा छोटा तुकडा) दिलं की इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे पेशी कामाला लागल्याची खूण असलेलं प्रथिन, भरपूर. मला वाटलं, हाच आदर्श प्रतिसाद! तीन महिने मी त्याच्याच मागे होते.

मग त्याच रक्तातल्या विषाणूचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकीय क्रमवाचन, हाती आलं. एपिटोपमधलं, म्हणजे टी पेशी विषाणूचा जो तुकडा ओळखते त्यातलं, एक अमिनो आम्ल बदललं होतं. माझं पेप्टाइड प्रयोगशाळेत प्रमाण मानलेल्या संदर्भ-विषाणूचं होतं आणि त्या शरीरात तो प्रकार उरलाच नव्हता. पेशी ताज्या होत्या, कारण त्यांना ओळखीचा शत्रू भेटतच नव्हता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी हा फरक पहिल्याच महिन्यात पक्का करावा. थकलेली पेशी आणि निसटलेला विषाणू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २००६ मध्ये उंदरांमध्ये एलसीएमव्ही या विषाणूच्या संसर्गात पीडी-१चा मार्ग अडवल्यावर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. तो प्रयोग जरूर अभ्यासा. पण ब्रेक काढल्याने पेशीला बदललेला एपिटोप दिसू लागत नाही.

मला सर्वांत आशादायक वाटते ती विषाणूची अडचण. एचएलए-बी५७ (टी पेशींना विषाणूचे तुकडे दाखवणाऱ्या रेणूचा एक आनुवंशिक प्रकार) असलेल्यांमध्ये एचआयव्ही गॅग प्रथिनातल्या टीडब्ल्यू१० या एपिटोपमध्ये टी२४२एन (२४२व्या जागी अमिनो आम्ल टी ऐवजी एन) हा बदल करून निसटतो, पण त्यामुळे त्याची वाढ मंदावते. बी५७ नसलेल्या व्यक्तीत तो गेला, की बहुधा हा बदल सोडून मूळ रूपावर येतो. म्हणजे पळवाटेची त्याला किंमत मोजावी लागते. लस अशाच महागड्या जागांवर रोखायला हवी, आणि एकाच वेळी अनेक जागांवर. एकच एपिटोप कितीही जोरात मारला तरी विषाणू त्याच्या बाजूने वाट काढतो.

टेट्रामर (ठरावीक एपिटोप ओळखणाऱ्या टी पेशींना खूण करणारं साधन) आणि फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून मोजण्याचं तंत्र) प्रयोगशाळेत सगळेच शिकवतील. सिक्वेन्स अलाइनमेंट, म्हणजे विषाणूंचे क्रम एकमेकांशी जुळवून पाहणं, मात्र स्वतः शिका, दुसऱ्यावर सोपवू नका. पेप्टाइड मागवताना मूळ आणि बदललेलं, दोन्ही मागवा आणि दोन्ही उतरत्या मात्रांत वापरून पाहा. मोठ्या मात्रेत दोन्हींना सारखाच प्रतिसाद दिसू शकतो. फरक अनेकदा खालच्या मात्रांतच उघडा पडतो.