पद्मिनीच्या कार्ब्युरेटरची दुरुस्ती

चाळीसगावच्या घरी वडिलांची १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी चार वर्षे उभीच होती. ती सुरू झाली, पण चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी व्यवस्था) काढून घेताच बंद पडू लागली. स्पार्क प्लग आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधी तपासून घेतले, कारण प्रज्वलनातील दोषाचे खापर बहुधा कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरच फुटते.

कार्ब्युरेटर उघडल्यावर तळाशी वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट थर दिसला. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोंडे, तारेने खरवडू नयेत, भोक किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. म्हणून ते क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ केले. नीडल व्हॉल्व्ह (आत येणारे पेट्रोल अडवणारी झडप), गॅस्केट आणि कार्ब्युरेटरच्या पंपाचा कडक झालेला डायफ्रॅम (लवचीक पडदा) बदलला. तरीही आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचे चालणे) स्थिर होईना. थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याशी घट्ट तेलाचे थेंब सोडताच इंजिन क्षणभर सुरळीत चालले, तेव्हा दांड्याच्या झिजलेल्या छिद्रातून जादा हवा आत शिरते, हे उमगले. लेथवर त्या छिद्रात पितळी बुश (नळीसारखे अस्तर) बसवून घेतले. खरे दुखणे हेच होते, आणि मी मात्र दोन रविवार जेटच धूत बसलो होतो!

शेवटी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर काढला, इंजिन गरम झाल्यावर ते सर्वांत सुरळीत चालेल तिथे नेमका बसवला. मे महिन्याच्या उन्हात कन्नडचा घाट चढवून आणल्यावर प्लगचा रंग फिकट तपकिरी निघाला, म्हणजे मिश्रण नेमके जुळले होते.