वीजदरवाढीवर हरकत कशी नोंदवावी

‘सगळ्यांनी एकच छापील निवेदन पाठवा’ हा सल्ला दरवेळी फिरतो. तो ऐकू नका. वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढे मतदान होत नसते. हजार सह्या असल्या तरी मुद्दा एकच धरला जातो.

आधी कुणाचे दार ठोठवायचे ते ठरवा. एनटीपीसीसारख्या केंद्रीय कंपन्यांचे वीजदर, आंतरराज्य पारेषण आणि वीज एक्स्चेंज हा दिल्लीतल्या केंद्रीय वीज नियामक आयोगाचा विषय. महावितरण तुमच्या घराला, दुकानाला काय दर लावणार, हे महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. चुकीचे बिल किंवा बंद पडलेला मीटर यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. दरसुनावणीत ते रडगाणे नको.

दरवाढीसाठी कंपनी आयोगाकडे याचिका करते. तिच्यावर हरकती मागवणारी जाहीर सूचना निघाली की मूळ याचिका उतरवून घ्या. नुसत्या सारांशावर भागत नाही.

आता मुद्दा शोधणे. मला सर्वांत जड गेला तो हाच टप्पा. ‘महागाईत दरवाढ अन्यायकारक आहे’ हे खरेच आहे, पण एवढ्यावर आयोगाला काही करता येत नाही. विद्युत कायदा, 2003 प्रमाणे कंपनीचा कोणता खर्च वाजवी आहे हे तपासायचे आणि तेवढाच दरातून वसूल होऊ द्यायचा, हे त्याचे काम. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल, तर कलम 65 नुसार सरकारने ते पैसे आगाऊ भरायचे. त्यामुळे हरकत खर्चावर घ्या.

वितरण हानी म्हणजे वाटेत गळणारी किंवा चोरीला जाणारी वीज; तिचा खर्चही दरात धरलेला असतो. मी तिचा तक्ता आधी उघडतो आणि शेजारी मागचा दरआदेश ठेवतो. आयोगाने किती हानी मान्य केली होती, कंपनी किती दाखवते? मग कृषिपंपांकडे वळा. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरतात. समजा 100 युनिट वीज आली, मीटरवर 60 विकली गेली आणि पंपांच्या नावावर 25 टाकली, तर हानी 15 टक्के. पंपांना 30 धरा, हानी लगेच 10 टक्क्यांवर! जागेवर एक तारही बदललेली नसते. न वापरलेली वीज शेतकऱ्याच्या माथी मारणे मला मुळीच मान्य नाही. हा अंदाज कोणत्या फीडरांच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांच्या) नोंदींवरून काढला, हे विचाराच.

प्रत्येक मुद्द्यात पान, तक्ता, आकडा आणि मागणी हवी: ‘अमुक खर्च अमान्य करावा’. तीन मुद्दे पुरेत. मराठीत लिहा. मुदतीत पाठवा, एक प्रत कंपनीला द्या, पोच जपून ठेवा. जनसुनावणीत बोलायचे असल्यास तसे पत्रातच नमूद करा आणि तिथे सर्वांत भक्कम मुद्दा आधी मांडा. वेळ कमीच मिळतो.

कायद्याप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून 120 दिवसांत आदेश व्हायला हवा. आदेशात हरकती, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय असतो. आपला मुद्दा तिथे वाचा. निर्णय पटला नाही, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.