जुना गिअरबॉक्स बसवताय? या चुका टाळा: धुण्याआधी काय पाहायचं, धुताना काय करायचं नाही

भंगारातून घेतलेला गिअरबॉक्स गॅरेजात उतरला की पोऱ्या लगेच पाण्याचा पाइप आणि ब्रश घेऊन येतो. त्याला थांबवा. कव्हरवरची घाण, आतलं तेल आणि ड्रेन प्लगला चिकटलेला बुरा यांवरून गिअरबॉक्सची तब्येत कळते. एकदा धुतलं की ते सगळं नाल्यात वाहून जातं आणि हातात उरतं फक्त चकचकीत अॅल्युमिनियम. विकणारा 'चालू गाडीतून काढला आहे भाऊ, डोळे मिटून न्या' म्हणतो. डोळे उघडेच ठेवा.

चूक: चकचकीत माल पाहून भुलणं

रुपेरी रंग मारलेला गिअरबॉक्स दिसला की संशय घ्यायचा. रंगाखाली एम-सील लावून बुजवलेला तडा असू शकतो. रंग न मारलेल्या, मळक्या गिअरबॉक्सवर तेलाचा ओघळ कुठून निघाला ते दिसतं. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी ओल असेल तर सील गेलं आहे, हा खर्च किरकोळ. कव्हरच्या जोडावर ओल असेल तर गिअरबॉक्स आधी कुणीतरी खोलून सीलंट लावून बसवलेला असू शकतो, आणि तो का खोलला हे विचारायला हवं. बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या, इंजिनाला लागणाऱ्या रुंद तोंडाच्या) आत ओल असेल तर तेल बोटाला लावून हुंगा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. तसा वास आला तर इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय. काळपट इंजिन ऑइल असेल तर गळती त्या जुन्या गाडीच्या इंजिनाची होती, गिअरबॉक्सचा त्यात दोष नाही.

नागपुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडालेल्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेरून ठणठणीत दिसतो. खुणा मात्र राहतात: कव्हरवर एका उंचीला आडवी गाळाची रेघ, बोल्टच्या खाचांत वाळलेली बारीक माती, स्पीड सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज. ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) आत गेलेलं पाणी तेलात मिसळून ते दुधाळ, चहाच्या रंगाचं होतं. दुधाळ तेल निघालं तर आत बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडले असण्याची शक्यता मोठी आहे. असा माल किती का स्वस्त असेना, सोडून द्या.

चूक: 'त्याच मॉडेलचा आहे' एवढ्यावर पैसे देणं

स्विफ्टचं पेट्रोल इंजिन सुझुकीचं, 1.3 डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. गाडीचं नाव एक असलं तरी गिअरबॉक्स एकमेकांना लागत नाहीत. एकाच पेट्रोल मॉडेलमध्येसुद्धा वर्षागणिक फरक पडतो: कुठे स्पीडोमीटरची केबल, कुठे सेन्सर, कुठे क्लच केबलवर, कुठे हायड्रॉलिक, माउंटिंगच्या भोकांची जागा वेगळी. म्हणून तुमचा जुना गिअरबॉक्स उतरवून शेजारी ठेवा आणि बेल हाउसिंगची बोल्टची भोकं, इनपुट शाफ्टची लांबी, स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या लांबट खाचांचे) दात आणि ड्राइव्ह शाफ्टची तोंडं एकेक करून जुळवा. तुमची क्लच प्लेट नव्या शाफ्टवर सरकवून पाहिली की स्प्लाइनचा प्रश्न मिनिटभरात मिटतो.

फायनल ड्राइव्हचा (चाकांकडे ताकद देणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचा) रेशो मात्र डोळ्यांनी दिसत नाही. तो मोजायला पहिला गिअर पाडा, दोन्ही बाजूंना जुन्या ड्राइव्ह शाफ्टचे आतले जॉइंट घाला आणि एक बाजू घट्ट धरून ठेवा. डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) मोकळी बाजू दुप्पट फिरते, म्हणजे ती 2 फेऱ्या फिरली की क्राउन, म्हणजे फायनल ड्राइव्हचा मोठा गिअर, 1 फेरी फिरतो. तेवढ्यात इनपुट शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. समजा पहिल्या गिअरचा रेशो 3.5 आणि फायनल ड्राइव्ह 4.2 असेल, तर 14.7 फेऱ्या व्हायला हव्यात. एखाद्या फेरीचा फरक आला तर पुन्हा मोजा. फरक कायम राहिला तर आतलं गिअर सेटिंग वेगळं आहे. गाडी चालेल, पण हायवेवर इंजिन उगाच ओरडेल किंवा चढावर दमेल.

चूक: तेल न बघता फेकणं

आधी वरचा फिलर प्लग सैल होतो का ते पाहा, मग खालचा ड्रेन प्लग काढा. फिलरच जाम असेल तर गिअरबॉक्स गाडीत चढल्यावर तेल भरायचं कुठून? गोल झालेल्या खाचेचा प्लग टेबलावर असतानाच काढणं सोपं.

तेल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घ्या आणि थोडं काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. बोटांत चोळल्यावर कण टोचले तर मामला वेगळा. टोकदार, त्रिकोणी तुकडा हा गिअरचा मोडलेला दात. पातळ, चमकणारी पापुद्र्यासारखी चकती बेअरिंगच्या वाटीवरून निघते. बारीक तारेसारखा तुकडा निडल बेअरिंगचा असू शकतो. पितळेची सोनेरी चमक मॅग्नेटला चिकटत नाही, ती बरणीच्या तळाला सापडते आणि सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी कडी) झिजल्याचं सांगते. थोडी चमक चालेल. वाळूसारखा थर बसला तर खोलावंच लागेल.

चूक: टेबलावर गिअर पडतो म्हणजे सिंक्रो चांगली असं समजणं

ही समजूत फार पसरलेली आहे. टेबलावर दोन्ही शाफ्ट थांबलेले असतात, त्यामुळे सिंक्रो रिंगला काही कामच नसतं. सिंक्रोचं काम दोन फिरणाऱ्या गोष्टींचा वेग एक करणं. तो वेगच नसेल तर रिंग पूर्ण झिजलेली असली तरी गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसा पडतो. हाताने फिरवून दुसऱ्या गोष्टी कळतात. प्रत्येक गिअरमध्ये इनपुट शाफ्ट सावकाश फिरवा. फेरीत एकाच जागी टक् लागत असेल तर दाताला चीर आहे किंवा तो फुटलेला आहे. सतत वाळूसारखी खरखर असेल तर बेअरिंग. न्यूट्रलमध्ये आउटपुट धरून इनपुट फिरवल्यावर आउटपुटला ओढ लागत असेल तर आत काहीतरी घासतंय.

इनपुट शाफ्ट वरखाली किंचित हलला तर चालतं. पण आतबाहेर ओढल्यावर टकटक जाणवली तर बेअरिंग किंवा त्याला जागी धरणारं सर्कलिप गेलेलं आहे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या खेळाची हद्द दिलेली असते. डायल गेज नसेल तर हातालाच विचारा, आणि हाताला स्पष्ट जाणवेल इतका आतबाहेरचा खेळ असेल तर गिअरबॉक्स नको म्हणा.

खोललाच तर सिंक्रो रिंग कोनवर बसवून हलकेच दाबा आणि रिंग व गिअरच्या मधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारी बाजूंनी मोजा. बऱ्याच जपानी घडणीच्या गिअरबॉक्समध्ये ही फट नव्या रिंगला 1 मिमीच्या आसपास असते, 0.5 मिमीच्या खाली रिंग बाद. अचूक आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. गिअरवरच्या लहान दातांची टोकं धारदार, छपरासारखी असावीत. गोलसर झालेली असतील तर नवी रिंग टाकूनही गिअर सुटतच राहील, कारण झीज गिअरमध्येच आहे. बहुतेक गाड्यांत दुसरा गिअर सगळ्यांत आधी मार खातो, म्हणून पाहणी तिथून सुरू करा.

चूक: धुताना जोर, आणि चुकीचं रसायन

आता धुवायला हरकत नाही. पण आधी सगळी तोंडं बुजवा: ड्राइव्ह शाफ्टची भोकं, ब्रीदर, सेन्सरची जागा, रिव्हर्स स्विच. कापडाचे बोळे आणि वरून टेप. प्रेशर वॉशर सीलवर सरळ मारला तर पाणी सीलच्या ओठाखालून आत जातं, आणि ते पाणी पंधरा दिवसांनी बेअरिंगवर गंज म्हणून भेटतं.

अर्धा-पाऊण लिटर रॉकेल किंवा डिझेल, जुना ताठ ब्रश आणि लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी एवढ्यात काम होतं. पेट्रोल वापरू नका. नागपुरात मे महिन्यात पारा कधीकधी 45 च्या पुढे जातो, बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि एक ठिणगी पुरते. कॉस्टिक सोड्याच्या गरम हौदातही गिअरबॉक्स टाकू नका. लोखंडी ब्लॉकला तो चालतो, अॅल्युमिनियम मात्र त्यात विरघळायला लागतं. हायड्रोजन निघतो, पृष्ठभाग काळा पडतो आणि जोडाची बैठक खराब होते.

बेल हाउसिंगमधली काळी भुकटी कॉम्प्रेसरने फुंकू नका. ती क्लच प्लेटची धूळ आहे, जुन्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. बेअरिंगवर हवा मारून ते भिरभिर फिरवणं बऱ्याच जणांना आवडतं. तेलाशिवाय त्या वेगाने फिरलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर ओरखडे येतात. जोडाच्या पृष्ठभागावरचं जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने काढा. सँडपेपर किंवा ग्राइंडरची घासणी फिरवली की अॅल्युमिनियम खोल जातं आणि घासणीची भुकटी थेट बेअरिंगमध्ये.

धुऊन वाळल्यावर तडा शोधा. संशयाच्या जागी रॉकेल लावा, दहा मिनिटांनी पुसून कोरडं करा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर रॉकेल बाहेर येऊन पूड ओली रेघ धरते. बोल्टच्या कानांभोवती आणि माउंटिंगच्या बुंध्याशी खास पाहा.

चूक: डॉवेल पिन विसरणं

बेल हाउसिंग आणि इंजिनाच्या मध्ये दोन पोकळ पिना असतात. बहुतेक वेळा त्यातली एक जुन्या इंजिनाला अडकून भंगारातच राहते. बोल्ट गिअरबॉक्स धरतात, पण तो मध्यावर आणतात त्या पिना. एक नसेल तर शाफ्ट किंचित तिरका बसतो, क्लच थरथरतो आणि नवं सील महिन्याभरात गळतं. पिना नव्या घ्या, किंमत नगण्य आहे.

चढवताना इनपुट शाफ्टवर गिअरबॉक्सचा भार टाकू नका, क्लच प्लेटचा मध्यभाग वाकतो. आधी प्लेट सेंटरिंग टूलने मध्यावर आणा. गिअरबॉक्स इंजिनाला हाताने पूर्ण टेकला पाहिजे. एक सेंटिमीटर फट राहिली आणि ती बोल्टने आवळून मिटवली, की कान तुटतो. अडलं तर क्रँक थोडा फिरवून पुन्हा सरकवा. इनपुट सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सील आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवेच टाका, जुने कितीही चांगले दिसले तरी. पुन्हा उतरवायची मजुरी या वस्तूंपेक्षा जास्त पडते. सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते योग्य मापाच्या सॉकेटने सरळ ठोका.

तेल: मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच, बहुतेक जागी जीएल-4. 'जास्त चांगलं' म्हणून जीएल-5 टाकू नका. त्यातली दाबविरोधी रसायनं पितळी सिंक्रोला सोसत नाहीत आणि निसरडेपणामुळे सिंक्रोची पकड कमी होते. लहान पेट्रोल गाड्यांना दोन लिटरच्या आसपास लागतं. गाडी सपाट जागी ठेवून फिलरच्या ओठापर्यंत भरा. त्याहून जास्त भरलं तर फेस होऊन ब्रीदरमधून बाहेर येतं. प्लगचे वॉशर नवे.

चूक: आवाज आला की पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं

आधी ऐका. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबताच बंद: इनपुट बेअरिंग. क्लच दाबल्यावर किंचाळी: रिलीज बेअरिंग. सगळेच गिअर कडक, रिव्हर्सला खर्रर्र: क्लच पूर्ण सुटत नाही, केबल किंवा हायड्रॉलिकची हवा पाहा. फक्त दुसऱ्याला करकर, तीही डिसेंबरच्या थंड सकाळी जास्त: सिंक्रो. गिअर सुटतो का ते पाहायला नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा उतार बरा. तिसऱ्यात ठेवून अॅक्सिलरेटर एकदम सोडा, पुन्हा दाबा, दोन-चारदा करा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर आधी गिअर लिव्हरची केबल सेट करून पाहा. बऱ्याचदा गिअर पूर्ण पडलेलाच नसतो, आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ येत नाही.