जबड्याखाली सूज आली, आधी काय काढायचं?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सेंटरवर मी अठरा वर्षं सीटी आणि एमआरआय काढतोय. गाल धरून आलेला माणूस काउंटरवरच विचारतो, ‘एमआरआयच करून टाकू का? एकदाच काय ते कळेल.’ मी उलट विचारतो, सूज जेवताना येते की कायमची आहे?

माझ्या मेव्हण्याचंच घ्या. मामलेदारची मिसळ समोर आली, लिंबू पिळलं, पहिला घास गेला आणि डाव्या जबड्याखाली सुपारीएवढा फुगवटा. तासाभरात ओसरला. जेवताना असं फुगलं की बहुधा लाळेच्या नळीत खडा असतो. दहातले आठ-नऊ खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिथली लाळ दाट, आणि नळी खालून वर चढणारी.

त्याला कुणीतरी थेट एमआरआय लिहून दिला होता. पण खडा म्हणजे कॅल्शियम, एमआरआयमध्ये तो नीट दिसत नाही. डॉक्टरांशी बोलून आधी सोनोग्राफी केली. किरणं नाहीत, खर्चही कमी. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी त्याला लिंबाची फोड चोखायला दिली. लाळ सुटली, नळी फुगली आणि त्या काळ्या नळीत पांढरा ठिपका दिसला, मागे काळी सावली. हाच खडा.

दोन मिलिमीटरपेक्षा बारीक खडा मात्र सोनोग्राफीत निसटू शकतो. संशय कायम असेल तर साधा सीटी, पातळ कापांचा. आधी डायशिवाय, म्हणजे शिरेत टोचायच्या औषधाशिवाय, काढा. डाय दिला की रक्तवाहिन्याही पांढऱ्या दिसतात आणि बारीक खडा त्यात हरवतो. ताप आहे, पू झाल्याची शंका आहे, तर डाय लागतो. तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आणा. ॲलर्जी असेल, दिवस गेले असतील, तर सुई टोचण्याआधी सांगा, नंतर नव्हे.

नळीत डाय भरून एक्स-रे काढायची जुनी पद्धत आता क्वचितच होते. तोंड-डोळे सतत कोरडे पडत असतील तरी सुरुवात सोनोग्राफीनेच.

एमआरआय कधी? कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीत न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ असेल तेव्हा. तिथल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते आणि ग्रंथीचा खोलवरचा भाग हाडाआड असल्याने सोनोग्राफीत दिसत नाही. गाठ कुठवर गेलीय हे सर्जनला आधी कळायला हवं. गाठ कसली, ते मात्र सुईच्या तपासणीतूनच कळतं. तोंड वाकडं होऊ लागलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.

मशीनमध्ये मी एकच विनवतो: ठकठक चालू असेपर्यंत गिळू नका, थांबली की गिळा. गिळलं की चित्र हलतं. आणि हे सांगितलं रे सांगितलं की प्रत्येकाला गिळावंसं वाटतं. कवळी काढून ठेवा, पेसमेकर असेल तर सांगा, जुन्या फिल्म्स सोबत आणा.

मेव्हण्याचा खडा तोंडातूनच निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा. गोळ्यांच्या डबीत ठेवलाय. पाहुणे आले की चहाआधी डबी उघडते.